शुगर मोजली, लघवी राहिली

मागच्या पावसाळ्यात एका रविवारी वंदना आटोपल्यावर आमच्या नागपूरच्या वस्तीतले एक भाऊ विहारात पेढ्यांचा पुडा घेऊन आले. "ताई, घ्या. माही शुगर गेली," म्हणाले. अकरा वर्षांची शुगर. दोन प्रकारच्या गोळ्या चालू होत्या. अलीकडे गोळी घेतली की चक्कर येई, घाम सुटे, म्हणून त्यांनी आधी एक गोळी सोडली, मग दुसरीही सोडली. "आता गोळीच नाही खात, तरी उपाशीपोटी शंभराच्या आतच राह्यते." भूक कमी झाली होती, पण ते त्याला पथ्य समजत होते. आम्ही त्यांचे अभिनंदन केले आणि पेढा खाल्ला.

हे लिहायला जड जाते, कारण आम्ही जीएनएमचा डिप्लोमा केलेला आहे. सोळा वर्षे वॉर्डात काढली, मग नोकरी सोडून वस्तीच्या कामाला लागलो. त्या दिवशी आमच्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती. ती वाजली नाही.

तीन आठवड्यांनी भाऊंचे पाय सुजले. रात्री आडवे झाले की दम लागायला लागला. इस्पितळात नेले तर क्रिएटिनिन 9.8. दोन्ही किडन्या जवळपास संपलेल्या होत्या. त्याच रात्री मानेत नळी घालून डायलिसिस करावे लागले.

शुगर गेली नव्हती, किडनी गेली होती. हे कसे घडते ते प्रत्येक घरात कळायला हवे, म्हणून आधी तेच सांगतो. शरीरातले इन्सुलिन, मग ते स्वतःचे असो की सुईतून घेतलेले, वापरून झाल्यावर त्याची विल्हेवाट लावण्याचे बरेच काम किडनी करते. शुगरच्या काही गोळ्याही किडनीतूनच बाहेर पडतात. किडनी थकली की इन्सुलिन आणि गोळी दोन्ही अंगात जास्त वेळ रेंगाळतात. काल जो डोस बरोबर होता तो आज जास्त होतो आणि शुगर घसरते. त्यात किडनीच्या आजाराने भूक मरते, मळमळते, जेवण अर्ध्यावर येते, म्हणून शुगर आणखी खाली जाते. तेव्हा जुनी शुगर काही कारण नसताना उतरायला लागली, गोळी झेपेनाशी झाली, तर तो आनंदाचा दिवस नसतो. चक्कर-घाम आला तर लगेच साखर किंवा गूळ खा, आणि दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन लघवी आणि क्रिएटिनिन तपासायला सांगा. मनाने गोळ्या बंद करून बसू नका.

भाऊ डायलिसिसवर गेले तेव्हा आम्ही महिला मंडळाच्या शिबिरांचे रजिस्टर काढून बसलो. सात वर्षे ते दर शिबिराला आले होते. प्रत्येक वर्षी बोटाला सुई टोचून शुगर मोजली, बीपी मोजला, "पथ्य पाळा, चालत जा" असा सल्ला दिला. सात नोंदी व्यवस्थित आमच्याच अक्षरात आहेत. पण त्या रजिस्टरमध्ये लघवीचा रकानाच नाही. रकाना आखला नव्हता तर तपासणी कुठून होणार?

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. नुसती शुगर मोजणारी शिबिरे आता पुरे झाली. अशा शिबिरातून माणूस "आपली तपासणी झाली" असे समाधान घेऊन घरी जातो, आणि त्या समाधानामुळेच तो पुढे काही विचारत नाही. शुगर असलेल्या प्रत्येकाची वर्षातून एकदा लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी आणि रक्तातले क्रिएटिनिन झालेच पाहिजे. ते करता येत नसेल तर त्या बॅनरवर 'मधुमेह तपासणी' असे लिहू नये.

हा आजार किती आहे, असे लोक विचारतात. 2023 साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीचे आकडे प्रसिद्ध झाले. देशात 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे. शहरांत प्रौढ माणसांतले प्रमाण शंभरात सोळाच्या वर आहे, खेड्यांत नऊच्या आसपास. मधुमेह असलेल्या शंभर माणसांपैकी वीस ते चाळीस जणांच्या किडनीला आयुष्यात कधीतरी इजा होते. आता हा हिशेब वस्तीला लावा. हजार प्रौढ माणसांची वस्ती धरली तर साधारण दीडशे-पावणेदोनशे जणांना शुगर असणार, आणि त्यांतल्या तीस ते साठ-सत्तर जणांची किडनी आज ना उद्या धोक्यात येणार. हा अंदाज आहे, मोजणी नव्हे. पण आपल्या गल्लीत गेल्या पाच वर्षांत कोण कोण डायलिसिसवर गेले ते आठवा, म्हणजे अंदाज फार चुकीचा वाटणार नाही.

आणखी एक आकडा आम्हाला जास्त बोचतो. देशभरातल्या किडनीरुग्णांची जी नोंदवही आहे, तिच्यातल्या 52 हजारांहून जास्त रुग्णांची माहिती 2012 साली प्रसिद्ध झाली. किडनी निकामी होण्याचे सर्वांत मोठे एकच कारण मधुमेह निघाले, जवळपास 31 टक्के. आणि निम्म्याच्या आसपास रुग्ण डॉक्टरांकडे पहिल्यांदा पोचले तेच शेवटच्या, पाचव्या टप्प्यात. ज्यांच्या आजाराचे कारणच सापडले नाही असे रुग्ण तर तुलनेने तरुण, गरीब आणि आणखी उशिरा आलेले होते. ही माणसे कोणत्या वस्त्यांत राहत असतील, ते आम्ही सांगायला नको.

उशीर का होतो? कारण हा आजार दुखत नाही. एका किडनीत सुमारे दहा लाख बारीक गाळण्या असतात. वर्षानुवर्षे रक्तात साखर आणि वर बीपी राहिला की या गाळण्यांची जाळी सैल होते आणि अल्ब्युमिन नावाचे प्रथिन, जे रक्तातच राहायला हवे, ते थोडे थोडे लघवीत झिरपू लागते. त्या वेळी माणूस धडधाकट असतो, ऑटो चालवतो, घमेली उचलतो. लघवीला फेस दिसणे, पाय सुजणे हे पुष्कळ उशिरा येते. पण झिरपणे सुरू झाल्यापासून किडनी निकामी होईपर्यंत बहुतेकांच्या हाती काही वर्षे असतात. आपण ती गमावतो.

ही झिरप ओळखणाऱ्या तपासणीला लॅबमध्ये 'युरिन एसीआर' म्हणतात. कुठे 'मायक्रोअल्ब्युमिन' असेही लिहितात. सकाळच्या पहिल्या लघवीचा थोडासा नमुना पुरतो. दिवसभराची लघवी कॅनमध्ये साठवत बसायची गरज नाही. या तपासणीत अल्ब्युमिनची तुलना लघवीतल्याच क्रिएटिनिनशी करतात. त्यामुळे तुम्ही चार ग्लास पाणी पिऊन आलात की मे महिन्याच्या उन्हात तहानलेले आलात, याने उत्तर फारसे बदलत नाही. उत्तर 30 च्या आत असेल तर ठीक. 30 ते 300 म्हणजे झिरप सुरू झाली आहे. 300 च्या वर म्हणजे गळती मोठी आहे.

इथे एक फसगत होते, ती आमच्या शिकलेल्या घरांतही होते. लोक साध्या 'युरिन रुटीन'चा कागद दाखवतात. त्यावर अल्ब्युमिनपुढे 'निल' लिहिलेले असते. पण ती साधी पट्टी मोठी गळतीच पकडते. सुरुवातीची झिरप तिला दिसत नाही. म्हणून 'निल' वाचून निश्चिंत होऊ नका, एसीआर झाली का ते विचारा.

दुसरी फसगत क्रिएटिनिनची. कागदावर 'नॉर्मल'च्या रेघेजवळ आकडा असला की डॉक्टरही कधी कधी पुढे सरकतात. पण किडनीचे काम निम्म्याजवळ घटेपर्यंत हा आकडा रेघेच्या आत राहू शकतो. शिवाय एकच आकडा दोन माणसांत वेगळे सांगतो. पंचवीस वर्षांच्या तरुणाचे क्रिएटिनिन 1.2 असेल तर त्याच्या किडनीचा वेग साधारण 86 निघतो, म्हणजे काळजीचे कारण नाही. साठ वर्षांच्या मावशीचे तेच 1.2 असेल तर तिचा वेग 52 च्या आसपास, म्हणजे किडनी आजारी असण्याची शक्यता मोठी. या वेगाला 'ईजीएफआर' म्हणतात. वय, लिंग आणि क्रिएटिनिन घालून तो काढतात, वेगळे रक्त लागत नाही. लॅबवाल्याला "ईजीएफआर लिहून द्या" एवढेच सांगायचे. तो तीन महिन्यांहून जास्त काळ 60 च्या खाली राहिला, तर तो किडनीचा जुनाट आजार धरतात.

एका तपासणीवर मात्र घाबरून जाऊ नका. ताप, लघवीची जळजळ, मासिक पाळी, आदल्या दिवशीची अंगमेहनत, फार वाढलेली शुगर किंवा बीपी यांनीही अल्ब्युमिन तात्पुरते वाढते. म्हणून तीन ते सहा महिन्यांत तीन नमुने तपासतात आणि त्यांतले दोन वाढलेले आले तरच निदान पक्के करतात. आपल्याकडे नेमके उलटे होते. पहिला कागद पाहून घरात रडारड, आणि दुसरा नमुना कोणी देतच नाही.

तपासणी कधीपासून? मोठ्या वयात येणारी जी नेहमीची शुगर, तिच्यात पहिल्या दिवसापासून. कारण शुगर सापडते त्याच्या कितीतरी आधी ती अंगात आलेली असते. लहानपणी सुरू होणाऱ्या, इन्सुलिनवरच चालणाऱ्या शुगरमध्ये पाच वर्षांनंतर. पुढे दोघांनाही दरवर्षी.

डोळ्यांचा पडदाही याच कामाचा आहे. किडनीत आणि पडद्यात रक्ताच्या सारख्याच नाजूक नळ्या असतात, म्हणून डॉक्टर डोळे तपासायला पाठवतात. लघवीतून प्रथिने जात आहेत पण पडदा स्वच्छ आहे, किंवा शुगर नवी असून गळती एकदम मोठी आहे, असे असले तर आजार दुसरा असू शकतो. मग सोनोग्राफी, क्वचित किडनीचा बारीक तुकडा काढून तपासणे, हे करावे लागते. शुगर आहे म्हणजे किडनीचा प्रत्येक आजार शुगरचाच, असे नसते.

विदर्भातल्या आपल्या घरांसाठी इथे एक वेगळी गोष्ट सांगायलाच हवी, ती म्हणजे सिकलसेल. आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांत तो किती आहे हे आपण जाणतो. सिकलसेलमध्ये लाल पेशी लवकर मरतात. त्यामुळे तीन महिन्यांची सरासरी सांगणारी 'एचबीएवनसी' तपासणी खोटी कमी येऊ शकते. कागदावर शुगर आटोक्यात दिसते, आत वाढलेली असते. नुसता वाहक असलेल्या माणसातही काही यंत्रे चुकतात. शिवाय सिकलसेलचा आजार स्वतःच किडनीला इजा करून लघवीत प्रथिने आणतो. तेव्हा आपले किंवा घरातल्या कोणाचे सिकलसेलचे कार्ड असेल तर ते शुगरच्या डॉक्टरांना दाखवा. ते विचारतील याची वाट पाहू नका.

"तपासून तरी काय करायचे, किडनी काय परत येते?" असे एका बैठकीत एका काकांनी विचारले. गेलेली किडनी परत येत नाही, खरे आहे. पण झिरपण्याच्या टप्प्यावर थांबवता येते, निदान पुष्कळ लांबवता येते. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल यांसारख्या बीपीच्या गोळ्या किडनीतली गळती कमी करतात. त्या सुरू केल्यावर पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासावे लागते, आणि गरोदर बाईला त्या चालत नाहीत, म्हणून शेजारणीच्या डबीतून उचलून घ्यायच्या नाहीत. डॅपाग्लिफ्लोझिन नावाची गोळी किडनीला वाचवते हे आता सिद्ध झाले आहे. तिचे पेटंट 2020 मध्ये संपले, तेव्हापासून अनेक कंपन्या ती बनवतात आणि ती पुष्कळ स्वस्त झाली. दहा वर्षांपूर्वी आम्ही वॉर्डात होतो तेव्हा हा उपाय रुग्णांना देता येत नव्हता. आज तो आहे. पण ज्याची झिरप कोणी मोजलीच नाही, त्याला तो लिहून देणार कोण?

आणि एक गैरसमज मोडायचा आहे, कारण त्याने माणसे मरत आहेत. "शुगरच्या गोळ्यांनीच किडनी जाते." नाही. मेटफॉर्मिनने किडनी खराब होत नाही. किडनी आधीच कमजोर झाली असेल तर तिचा डोस कमी करतात, फारच कमजोर असेल तर बंद करतात. एवढेच पाहून लोकांनी उलटा अर्थ काढला. किडनी जाते ती वाढलेल्या शुगरने, वाढलेल्या बीपीने, आणि गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून रोज आणून खाल्लेल्या डायक्लोफिनॅक-आयब्युप्रोफेनसारख्या दर्दनाशक गोळ्यांनी. ओझे उचलणाऱ्या आमच्या भगिनींच्या बटव्यात त्या असतातच. आठवडी बाजारात पुडीत मिळणाऱ्या भस्मांत जड धातू असू शकतात. त्या पुडीवर काहीच लिहिलेले नसते, तरी आपण ती विश्वासाने खातो, आणि डॉक्टरांच्या गोळीवर मात्र संशय घेतो.

बाबासाहेबांना मधुमेह होता, हे आपण सारे जाणतो. त्या शरीराने त्यांनी संविधानाचे काम पार पाडले आणि 1956 च्या ऑक्टोबरमध्ये याच नागपुरात ते आपल्याला धम्म देऊन गेले. लघवीतले थोडेसे अल्ब्युमिन मोजण्याची पद्धत लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधले हॅरी कीन आणि त्यांच्या सहकाऱ्याने 1963 साली मांडली, म्हणजे बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर सात वर्षांनी. त्यांच्या हयातीत ती कोणालाच मिळण्यासारखी नव्हती. आपल्याला ती कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये काही शे रुपयांत मिळते.

आता पैशांचे बोलू, कारण कार्यकर्ते पहिला प्रश्न तोच काढतात. ग्लुकोमीटरची पट्टी स्वस्त, एसीआर महाग, सगळ्यांना कशी परवडणार? सगळ्यांना करायचीच नाही. ज्यांना शुगर आहे त्यांनाच करायची. महिनाभर आधी घरोघर यादी करा, लॅबशी एकत्र दर ठरवा. जयंतीला डीजेवर एका रात्रीत जे उडते त्यातला थोडा भाग यात आला तर वस्तीची वर्षाची तपासणी होते. हे बोलले की काही तरुण रागावतात. रागवा, पण हिशेब मांडून रागवा.

पैशापेक्षा आम्हाला जास्त अडचण आली ती संडासाची. विहारात शंभर माणसे, एक संडास, आणि बायांनी सगळ्यांदेखत लघवीची डबी घेऊन जायचे. पहिल्या वेळी निम्म्या बाया डबी न देताच घरी गेल्या. मग आम्ही पद्धत बदलली. आदल्या संध्याकाळी नाव लिहिलेली झाकणाची डबी कागदी पिशवीत घालून घरी द्यायची. सकाळची पहिली लघवी, सुरुवातीची धार सोडून, डबीत धरायची. आठच्या आत आमची कार्यकर्ती दारातून घेऊन जाते. पाळी चालू असेल, ताप असेल, तर पुढच्या आठवड्यात. आता शंभरातल्या फार थोड्या डब्या राहतात.

पण हे सगळे मंडळांनीच का करावे? आशाताई तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा फॉर्म भरतात, शुगर, बीपी आणि तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगाची तपासणी व्हावी म्हणून. चांगले काम आहे. 2016 पासून राष्ट्रीय कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयांत गरिबांना डायलिसिस मोफत मिळू लागले. भाऊंचा खर्चही महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून होतो, नाहीतर ते आज नसते. पण ज्या व्यवस्थेला आठवड्याला दोनदा चार तास यंत्र चालवणे परवडते, तिला वर्षातून एकदा एक डबी तपासणे न परवडण्यासारखे काय आहे? आपल्या दवाखान्यातून शुगरची गोळी घेता तेव्हा केसपेपरवर "एसीआर व ईजीएफआर, वर्षातून एकदा" असे लिहून मागा. तिथे होत नसेल तर कुठे होईल ते लिहून मागा. एकट्याने मागितले तर "नंतर या" म्हणतात, दहा जणी मिळून गेल्या तर खुर्ची देतात, हा आमचा अनुभव आहे.

भाऊंनी ऑटो विकला. मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिस असते. उपचार मोफत असला तरी जाण्यायेण्याचे भाडे आहे, आणि सोबत जाणाऱ्या वहिनींची त्या दिवसांची घरकामे बुडतात. वहिनींनाही नऊ वर्षांपासून शुगर आहे. त्यांचे नावही आमच्या त्याच रजिस्टरमध्ये सात वेळा आहे.

मार्चमध्ये त्यांची डबी पहिल्यांदा घेतली. एसीआर 84 आली. मेमध्ये पुन्हा केली, 91. क्रिएटिनिन चांगले आहे, ईजीएफआर 78. डॉक्टरांनी बीपीची गोळी बदलून दिली आणि गुडघ्यांसाठीची मेडिकलमधली गोळी बंद केली. पुढची डबी दिवाळीच्या आधी घ्यायची आहे. रजिस्टरमध्ये आता लघवीचा रकाना आखला आहे. त्यात वहिनींचे नाव पहिले आहे.